तळटीप १४ : एका दिवसाचा करार

१४. एका दिवसाचा करार : लेखकाच्या मनात येथे गटेचे नाटक नसून एफ. डब्ल्यू. मुर्नाउ (१८८८–१९३१) यांचा ‘फाउस्ट’ (१९२६) हा जर्मन मूकपट आहे. गावात प्लेग पसरतो, औषध लागू पडत नाही. हताश झालेला वृद्ध पंडित फाउस्ट रात्री चौरस्त्यावर सैतानाला, म्हणजे मेफिस्टोला, पाचारण करतो. आधी एकच दिवस वापरून पाहा, घटिकेतली वाळू संपली की करार संपला, असे मेफिस्टो सुचवतो. फाउस्ट रक्ताने सही करतो. मुरलेल्या दुकानदाराला शोभणारी ही मखलाशी गटेच्या नाटकात नाही. पुढे तारुण्य मिळालेला फाउस्ट पार्माच्या डचेसच्या महालात असताना नेमकी वाळू संपते आणि तो करार कायमचा करून बसतो. पुढच्या परिच्छेदातला ‘गावावर पसरलेला काळा झगा’ याच चित्रपटातला. गावाची छोटी प्रतिकृती उभारून तिच्यामागे मेफिस्टो झालेल्या एमिल यानिंग्स यांना उभे केले होते. ते दृश्य आजही अंगावर येते. यानंतर मुर्नाउ हॉलिवूडला गेले.