वार अडली की दोन तास

आमच्या धाराशिव भागात जुनी माणसं म्हणायची, बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म. हे बोलणं उगीच आलेलं नव्हतं. गावात सुईण होती, चुलीवर गरम पाणी होतं आणि देव होता. बहुतेक बाया एवढ्यावर सुखरूप सुटायच्या. पण जी अडायची तिच्यासाठी गावात काहीच नव्हतं. बाजेवर घालून नाहीतर बैलगाडीत तालुक्याला न्यायचं, एवढाच इलाज.

१९७२ च्या दुष्काळात माझी धाकटी चुलती अशीच गेली. मी तेव्हा बारा वर्षांचा. मूल झालं, पोरगी होती, चांगली रडली. पण वार पडेना आणि रक्त थांबेना. सुईणीनं पोट चोळलं, तिला येत होतं ते सगळं केलं. कडब्याअभावी गावातले बैल निम्मे विकलेले. शेजारच्या वाडीवरनं जोडी आणेस्तोवर उजाडलं. गाडी निम्म्या वाटेत असताना सगळं संपलं. लोक म्हणाले, तिचं नशीब. दवाखान्याला कुणी बोल लावला नाही, कारण दवाखान्यानं तिला वाचवायला पाहिजे होतं, हेच कुणाच्या डोक्यात नव्हतं.

सरकारच्या कागदावर मात्र दवाखाना जुनाच. १९४६ साली भोर समितीनं प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना मांडली. पुढं हिशेब ठरला : सपाटीला ३० हजार लोकांमागं एक केंद्र, डोंगरी आणि आदिवासी भागात २० हजारांमागं एक. हळूहळू इमारती झाल्या, फिती कापल्या गेल्या. इमारत झाली म्हणजे सोय झाली, असंच धरलं जायचं.

पण कुठली बाई अडणार हे आधी सांगता येत नाही. धडधाकट बाईलाही बाळंतपणानंतर रक्तस्राव होतो, आणि रक्त थांबलं नाही तर साधारण दोन तासांत जीव जातो. म्हणून १९९७ साली युनिसेफ, जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी यांनी दवाखाने तपासायची एक रीत घालून दिली. रीत सोपी आहे. दवाखान्याला विचारायचं, तुम्ही ही कामं करता का? जंतुदोषावरचं इंजेक्शन, गर्भपिशवी आकसून रक्त थांबवणारं इंजेक्शन, झटक्यांवरचं इंजेक्शन, अडकलेली वार हातानं काढणं, पिशवीत राहिलेलं साफ करणं, अडलेलं मूल उपकरण लावून सोडवणं. २००९ मध्ये सातवं काम जोडलं : श्वास न घेणाऱ्या बाळाला पिशवी आणि मास्कनं श्वास देणं. मोठ्या दवाखान्यात आणखी दोन : सिझेरियन आणि रक्त चढवणं. पाच लाख लोकांमागं अशी पाच ठिकाणं पाहिजेत, त्यातलं एक तरी मोठं.

यातली खरी मेख पुढं आहे. ‘सोय आहे का?’ असं विचारायचं नाही. ‘गेल्या तीन महिन्यांत हे काम केलं का?’ असं विचारायचं. शेतकऱ्याला हे लगेच कळतं. पाभर कोपऱ्यात उभी आहे म्हणून पेरणी होत नसते. फण झिजलेत का, नळ्या तुंबल्यात का, हे मिरगाआधी बघावं लागतं.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, गावोगाव आशाताई आल्या, दवाखान्यात बाळंत होणाऱ्या गरीब बाईला जननी सुरक्षा योजनेचे पैसे मिळू लागले. बाया दवाखान्याकडं वळल्या. २००७ मध्ये महाराष्ट्रातल्या पाच जिल्ह्यांत, आमचा त्यात होता, लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावच्या समितीनं दवाखाना बघायचा आणि रंग द्यायचा : चांगल्याला हिरवा, मध्यमला पिवळा, वाईटाला लाल. समितीत मीही होतो.

आम्ही गेलो तेव्हा टेबल चकचकीत, भिंतीला नवा रंग. पण रक्त थांबवायचं इंजेक्शन, ऑक्सिटोसिन, थंड जागी, दोन ते आठ अंशांत ठेवावं लागतं. आणि भारनियमनात फ्रीज दिवसाचा निम्मा वेळ बंद. झटक्यांवरचं मॅग्नेशियम सल्फेट कपाटात होतं, खोकं न फोडलेलं. सिस्टरला विचारलं, हे कधी दिलंय का? ती म्हणाली, “काका, रात्री मी एकटी असते. झटके आलेली बाई धरू, इंजेक्शन भरू का गाडीला फोन लावू?” गाडी होती, ड्रायव्हरची जागा रिकामी. वहीत बऱ्याच नावांपुढं एकच शेरा : पुढं पाठवलं. पुढं म्हणजे तालुक्याला. तिथं ऑपरेशनची खोली होती, भूल देणारा डॉक्टर नव्हता, म्हणून परत पुढं जिल्ह्याला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठनं येणार? आम्ही लाल रंग दिला. तो सिस्टरला नव्हता, दवाखान्याला होता. जनसुनावणीत हे सगळं मांडलं. काही महिन्यांनी फ्रीजला इन्व्हर्टर आला, रात्रीला दुसरी सिस्टर मिळाली. भूलतज्ज्ञ मात्र लवकर आला नाही.

२०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, रक्त, गाडी सगळं मोफत झालं. २०१४ मध्ये राज्यात १०८ ची गाडी आली. २००१-०३ मध्ये महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागं १४९ माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये ३३. देशाचा आकडा ३०१ वरून ९७ वर आला. हे मोठंच काम झालं, आणि ते नाकारणारा करंटा म्हणावा.

पण ३३ मधली एकेक बाई कुणाची तरी चुलती असते. तेव्हा तुमच्या घरात पोर गरोदर असेल, तर सातव्या महिन्यातच दवाखान्यात जाऊन विचारा : रात्री कोण असतं? फ्रीज चालू आहे का? वार अडली तर काढणारं कोण? रक्त कुठं मिळतं, सिझेरियन कुठं होतं, आणि तिथवर पोचायला किती वेळ लागतो? उत्तर दोन तासांच्या वर जात असेल तर बाळंतपण कुठं करायचं हे तेव्हाच ठरवा. आणि ग्रामसभेत उभं राहून तेच प्रश्न मोठ्यानं विचारा, कारण तो दवाखाना शेजारच्या लेकीसुनांचाही आहे.