विमानतळांमधील अंतराची कुळकथा

दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को या विमानतळांमधील हवाई अंतर सुमारे 12,400 किलोमीटर असल्याचे सांगितले जाते. मात्र असे आकडे काढण्याची रीत विमानविद्येत जन्मलेली नसून ती दर्यावर्दींच्या गणितातून आलेली आहे. गोलाचा मध्य आणि त्याच्या पृष्ठभागावरील दोन ठिकाणे यांतून जाणारे प्रतल पृष्ठभागाला ज्या वर्तुळात छेदते त्याला बृहद्‌वृत्त म्हणतात, आणि या वर्तुळाचा लहान कंस हाच त्या दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळचा मार्ग होय. होकायंत्रावरील दिशा न बदलता चालणारे जहाज सहसा या मार्गाने जात नाही, हे पोर्तुगीज गणिती पेद्रू नुनिश याने 1537 मध्ये दाखवून दिले. पुढे 1569 मध्ये मर्केटरने खलाशांच्या सोयीसाठी त्या स्थिर दिशेच्या वाटा सरळ रेषांनी दाखवणारा नकाशा काढला. सोय झाली खरी, पण जवळची वाट नकाशावर वाकडी दिसू लागली आणि विमानातील प्रवासी आजही त्यामुळे बुचकळ्यात पडतात.

प्रत्यक्ष अंतर काढणे त्याहून किचकट होते, कारण ठिकाणे जवळजवळ असली की कोनाची कोज्या 1 च्या इतकी लगत येते, की छापील कोष्टकात फरक कळेनासा होतो. यावर तोडगा ठरलेल्या राशीला जेम्स इन्मन याने 1835 मध्ये ‘हॅवरसाइन’ हे नाव रूढ केले. ही राशी म्हणजे उत्क्रमज्येचे अर्ध, आणि उत्क्रमज्या म्हणजे त्रिज्येतून कोज्या वजा करून उरणारी राशी, जिचे कोष्टक सूर्यसिद्धान्तात आहे. तेथे परिघाच्या 21,600 कला मानून त्रिज्या 3,438 कला धरलेली आहे. सागरी मैलाचे मूळही पृथ्वीच्या बृहद्‌वृत्तावरील एका कलेच्या लांबीत असल्याने (1929 मध्ये हा मैल 1,852 मीटर ठरला) कोन कलांत मिळाला की अंतर जवळपास हाती आलेच.

समुद्रावरचे हे गणित आकाशात नेण्याचे ठळक उदाहरण म्हणजे लिंडबर्गचे 1927 चे न्यूयॉर्क-पॅरिस उड्डाण: त्याने बृहद्‌वृत्ताचे शंभर-शंभर मैलांचे तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्यासाठी वेगळी दिशा ठरवली.

विमानतळ मैलोगणती पसरलेला असला तरी मोजणीसाठी तो एकच बिंदू मानावा लागतो. हा संदर्भबिंदू विमानतळाच्या मूळ किंवा नियोजित भौमितिक मध्याजवळ ठरवतात आणि पुढे नवी धावपट्टी झाली तरी तो सहसा हलवीत नाहीत. विमान मात्र अशा दोन बिंदूंमधील बृहद्‌वृत्ताला बांधलेले नसते. 2016 मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को उड्डाण अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले, तेव्हा वाट लांबून सुमारे 15,300 किलोमीटर झाली, तरी पाठीशी वारा मिळाल्याने वेळ वाचला. कायद्याला अर्थातच वाऱ्याशी कर्तव्य नाही. रद्द झालेल्या उड्डाणांच्या भरपाईविषयीचा युरोपीय संघाचा 2004 चा नियम विमान कोठून कसे गेले असते हे न पाहता बृहद्‌वृत्तावरील अंतरच प्रमाण मानतो.