रात्रीचा परवाना आणि गावची वेस

देवास हे नाव मराठी माणसाच्या कानावर पडले की त्याला प्रथम कुमार गंधर्व आठवतात, आणि धार म्हटले की राजा भोज. आज मी या दोन गावांविषयी बोलणार आहे ते मात्र गाण्यासाठी नव्हे, आणि विद्येसाठीही नव्हे. विषय बराच खालच्या पायरीवरचा आहे. रात्री उशिरापर्यंत खाण्यापिण्याचे दुकान, विशेषतः दारूचे दुकान, कोठे असावे आणि किती वाजता मिटावे, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? ज्यांच्या दारासमोर ते दुकान उघडते त्यांचा, की दूरच्या कचेरीत बसलेल्या कोणाचा? माळव्यातील या दोन गावांच्या इतिहासात या प्रश्नाची जितकी निरनिराळी रूपे पाहावयास मिळतात तितकी क्वचितच दुसरीकडे मिळतील.

प्रथम देवास. बाजीरावाच्या माळव्यातील स्वारीबरोबर आलेले तुकोजी आणि जिवाजी हे पवार बंधू येथे स्थिरावले. त्यांच्यापासून थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या झाल्या. १८१८ मध्ये इंग्रजांशी तह झाला तो दोघांच्या नावाने. १८४१ नंतर दोन्ही पात्यांचा कारभार वेगळा झाला, परंतु राजधानी एकच राहिली. टेकडीवर देवीही दोन आणि पायथ्याशी राजेही दोन! गावातून जाणाऱ्या मुख्य रस्त्याची एक बाजू एका राज्यात, तर दुसरी बाजू दुसऱ्या राज्यात. दोन्ही बाजूंचे पाणी वेगळे, दिवाबत्तीही वेगळी. ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी चिटणीस होता. १९५३ मध्ये त्याने देवासच्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा या जोडराज्याची गंमत साऱ्या जगाला कळली.

आम्हांला मात्र त्या गंमतीतला एक धडा येथे उपयोगी आहे. असा रस्ता डोळ्यांसमोर आणा. एका बाजूच्या कारभाऱ्याने उद्यापासून दुकाने रात्री नऊलाच मिटावीत असा हुकूम काढला, तर गिऱ्हाइकाला काय करावे लागेल? फक्त रस्ता ओलांडावा लागेल. हुकूम रस्त्याच्या मध्यापर्यंत जातो, तहान पलीकडे जाते. परवान्याच्या साऱ्या इतिहासाची मेख येथेच आहे. हद्द ज्याने आखली त्याची सत्ता हद्दीपाशी संपते. मात्र हद्दीवर राहणाऱ्या माणसाचा त्रास तेथे संपत नाही.

राज्यकर्त्यांना ही अडचण फार प्राचीन काळापासून ठाऊक होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाचा स्वतंत्र अधिकारीच नेमलेला आहे. दारूची दुकाने एकमेकांना चिकटून नसावीत, पानगृहात निरनिराळ्या खोल्या, आसने, गंध, फुले आणि ऋतूप्रमाणे पाणी असावे, गिऱ्हाइकाला मोजकेच मद्य द्यावे, आणि कोण किती खर्च करतो यावर हेरांनी नजर ठेवावी, अशी त्याची बारीक तजवीज आहे. उत्सव, समाज आणि यात्रा यांच्या वेळी चार दिवसांची मोकळीकही तो देतो. इतका विचार करणाऱ्या या आचार्याने सर्व काही सांगितले, पण दुकानाशेजारी राहणाऱ्या कुटुंबाला काय वाटते हे विचारण्याची व्यवस्था काही सांगितली नाही. कौटिल्याला दोष द्यावा असे मी म्हणत नाही. राज्यकर्त्याच्या दृष्टीने मद्य म्हणजे एकीकडे कोषाचे उत्पन्न आणि दुसरीकडे बंदोबस्ताची काळजी, या दोनच गोष्टी होत्या, आणि पुढे दोन हजार वर्षे बहुधा तशाच राहिल्या.

मराठी राज्यात याला थोडा अपवाद दिसतो. पेशव्यांच्या रोजनिशांना प्रस्तावना लिहिताना न्यायमूर्ती रानड्यांनी नमूद केले आहे की, अबकारीचे उत्पन्न त्या काळी अगदी थोडे होते आणि सरकारचा कल मद्य आवरण्याकडे होता. इंग्रजी अमलात पारडे फिरले. भट्टीचा आणि दुकानाचा मक्ता घालावा, जास्त बोली करणाऱ्याला द्यावा आणि वसूल खजिन्यात भरावा ही रीत देशभर रुळली. गावोगावी कलालाचे दुकान झाले, आणि दुकान कोठे असावे हे मक्त्याच्या रकमेने ठरू लागले. माळव्यात त्याहून मोठे उत्पन्न अफूचे होते. १९१३ च्या सुमारास चीनकडची निर्गत थांबली आणि तो झरा आटला, पण ती कथा निराळी आहे.

१९४८ मध्ये धार आणि देवासच्या दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या, आणि १९५६ मध्ये मध्य भारत मध्य प्रदेशात. रस्त्याच्या मधली अदृश्य भिंत गेली. आता तरी दुकानाचा निर्णय गावाच्या हाती यावा की नाही? तो आला नाही. दारूचा विषय मूळच्या १९१५ च्या अबकारी कायद्याखाली राहिला आणि परवाने जिल्ह्याचा कलेक्टर व अबकारी खाते यांच्या हाती राहिले. देवासला महानगरपालिका आहे, धारला नगरपालिका आहे. नगरसेवक निवडून येतात, ठराव करतात, निवेदने देतात. परंतु वर्षाचा ठेका १ एप्रिलला सुरू होतो तो त्यांच्या ठरावाने नव्हे. गटार तुंबले तर पालिकेचे, रस्त्यावर कचरा पडला तर पालिकेचा, मध्यरात्री भांडण झाले तर पोलिसांचे. उत्पन्न मात्र राज्याचे. खाण्याच्या दुकानांचीही तऱ्हा फारशी वेगळी नाही. कामाच्या वेळा दुकाने व आस्थापनांच्या कायद्याने ठरतात, आणि खाद्यपदार्थांचा परवाना २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली द्यावयाचा असतो.

शेजारच्या इंदुरात रात्रीच्या खाण्याची हौस मोठी. दिवसा सोन्याचांदीची दुकाने आणि रात्री त्याच ओट्यांसमोर खाद्यपदार्थांच्या गाड्या, असा तेथील सराफा सर्वश्रुत आहे. २०२२ मध्ये तेथे त्या वेळच्या बीआरटीएस मार्गावरील दुकानांना रात्रभर उघडे राहण्याची मुभा मिळाली. रहिवाशांच्या व लोकप्रतिनिधींच्या तक्रारी वाढल्या, आणि २०२४ मध्ये ती काढून घेतली गेली. सराफ्यातली रात्र लोकांनी पिढ्यान् पिढ्या स्वतः वाढविलेली आहे आणि तिच्याविषयीचे वाद गावातलेच आहेत. मार्गावरची रात्र हुकुमाने आली आणि हुकुमाने गेली. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

हद्दीचा खेळ पुढे सर्वोच्च न्यायालयातही रंगला. १५ डिसेंबर २०१६ च्या निकालाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई झाली. ती १ एप्रिल २०१७ पासून अमलात यावयाची होती. देवास आग्रा-मुंबई रस्त्यावर, धार इंदूर-अहमदाबाद रस्त्यावर. तेव्हा दोन्ही गावांना हा निकाल अगदी दारात येऊन भिडला. लहान गावांसाठी अंतर २२० मीटर झाले, आणि जुलै २०१७ मध्ये न्यायालयाने खुलासा केला की नगरपालिकांच्या हद्दीतील परवानाधारकांना ही मनाई लागू नाही. म्हणजे पालिकेची हद्द पुन्हा महत्त्वाची ठरली, मात्र पालिकेचे मत नव्हे! पाटी कोठे रोवली आहे एवढेच पाहावयाचे.

दुकानाला लागून बसून पिण्याची जी जागा असते तिला तिकडे अहाता म्हणतात. १ एप्रिल २०२३ पासून मध्य प्रदेश सरकारने सारे अहाते बंद केले आणि शाळा व देवस्थानांपासूनचे किमान अंतर ५० मीटरवरून १०० मीटरवर नेले. मी शिक्षक असल्यामुळे या शंभर मीटरांचे मोल मला अंमळ अधिक कळते. माळव्यातल्या एका गावी मी परीक्षेपूर्वी मुलींसाठी संध्याकाळची अभ्यासिका चालवीत असे. वाटेवर एक अहाता होता. एका मुलीच्या वडिलांनी चिठ्ठी पाठविली की, तिला साडेसहालाच सोडावे. दुसऱ्या दिवशी आणखी तीन चिठ्ठ्या आल्या, आणि आठवड्याच्या अखेरीस अभ्यासिका दुपारची करावी लागली. ऐन कामाची वेळ गेली. त्या दुकानदाराने कायद्याबाहेर काही केले होते असे मी म्हणणार नाही. त्याचा परवाना रीतसर होता, वेळही रीतसर होती. फक्त त्या वेळेविषयी आम्हांला कोणी विचारलेले नव्हते, आणि विचारावे असा नियमही नव्हता.

२४ जानेवारी २०२५ रोजी महेश्वरला मंत्रिमंडळाची बैठक झाली आणि १७ धार्मिक नगरांतील दारूची दुकाने १ एप्रिलपासून बंद करण्याचे ठरले. त्यांत उज्जैन आहे, महेश्वर आहे. उज्जैनच्या काळभैरवाला मद्याचा नैवेद्य दाखविण्याची प्रथा सर्वांना ठाऊक आहे. प्रथा राहिली, दुकाने हद्दीतून गेली. आता उज्जैनहून देवास पस्तीस-चाळीस किलोमीटर, आणि महेश्वरहून धार जिल्ह्यातले धामनोद तर अगदीच जवळ. ज्यांच्यावर ही बंदी नाही अशी गावे म्हणजे रस्त्याची दुसरी बाजूच. जुन्या देवासचा तो रस्ता जणू आता जिल्ह्याएवढा रुंद झाला आहे. आणि हा निर्णयही, चांगला असो वा वाईट, उज्जैनच्या महानगरपालिकेने घेतलेला नाही.

मग गावाने स्वतः ठरविले आहे असे कोठे दिसते? दिसते, आणि तेही धार जिल्ह्यातच. कुक्षी, मनावर, गंधवानी, धरमपुरी हा भिल्ल-भिलालांचा मुलूख अनुसूचित क्षेत्रात मोडतो. १९९६ च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रांतील ग्रामसभांना मादक पदार्थांवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार दिला. मध्य प्रदेशात त्याचे नियम १५ नोव्हेंबर २०२२ रोजी आले. नवीन दारूचे दुकान उघडावयाचे तर ग्रामसभेची संमती हवी, आणि ४५ दिवसांत सभेने काहीच निर्णय दिला नाही तर संमती नाही असे धरावयाचे. देवास जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, आणि धार शहराचा कारभारही ग्रामसभेचा नाही. तेव्हा महानगरपालिकेच्या सभागृहाला जे साधत नाही ते गंधवानीकडील एखाद्या पाड्याच्या सभेला साधते!

याच मुलखात मोहाच्या फुलांची दारू घरी गाळतात, देवाला चार थेंब वाहतात आणि मग पितात. घरच्या वापरापुरती, मर्यादेत, त्याला कायद्याने सवलत आहे. मी कॅथॉलिक असल्याने मला यात विसंगती वाटत नाही. आमच्या मिस्सेत द्राक्षारस लागतो, आणि मुंबई राज्याच्या १९४९ च्या कडक दारूबंदी कायद्यातही त्यासाठी वाट ठेवलेली होती. देवापुढची दारू आणि रात्री अकराला चौकात विकली जाणारी दारू यांतला भेद पाड्यावरच्या म्हातारीलाही कळतो. प्रश्न फक्त तिला विचारण्याचा असतो.

महाराष्ट्राने विचारण्याची दुसरी रीत काढली. २००८ च्या आदेशाने गावातील वा वॉर्डातील स्त्रियांना मागणी करून मतदान घडविता येऊ लागले: दुकान राहावे असे वाटत असेल तर उभी बाटली, बंद व्हावे असे वाटत असेल तर आडवी बाटली. अशी कल्पना जगात नवी नव्हती. स्कॉटलंडमध्ये १९१३ च्या कायद्यान्वये १९२० पासून नगरांनी आपापल्या दुकानांविषयी मते दिली, आणि काही गावे कित्येक वर्षे कोरडी राहिली. इंग्लंडात तर २००३ च्या कायद्याने परवान्यांचे काम न्यायाधीशांकडून काढून स्थानिक कौन्सिलांकडेच दिले आहे, आणि शेजाऱ्यांना हरकत घेण्याचा हक्क ठेवला आहे.

आता येथे एक बारकी गोष्ट पाहा. २००८ च्या आदेशाप्रमाणे आडवी बाटली जिंकावयाची तर झालेल्या मतांपैकी निम्म्याहून अधिक मते पुरत नव्हती; यादीतील एकूण स्त्री मतदारांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रियांनी ते मत द्यावयास हवे होते. जी बाई शेतावर गेली, जी माहेरी गेली, जिला नवऱ्याने जाऊ दिले नाही, आणि जी गेल्या वर्षी वारली पण यादीतून नाव गेले नाही, त्या साऱ्यांची गणती आपोआप उभ्या बाटलीकडे झाली. त्यामुळे मते आडव्या बाटलीला अधिक पडूनही दुकान तसेच राहिल्याचे प्रकार घडले. धारच्या पाड्यावर ग्रामसभा गप्प राहिली तर ते मौन दुकानाच्या विरुद्ध धरले जाते. हे खरे की, एक नियम चालू दुकान बंद करण्याचा आहे आणि दुसरा नवे उघडू न देण्याचा. तेथे तराजू थोडा निराळा असणारच. पण दोन्हीकडे घरी राहिलेल्या बाईचे मौन कोणीतरी मोजतच असते, आणि ते कोणत्या बाजूला टाकावयाचे हे नियम लिहिणाऱ्याने अगोदरच ठरवून ठेवलेले असते.