तंजावरचे चार बंधू : मराठा दरबारातून चेन्नईच्या रंगमंचावर

चेन्नईत दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत, तमिळ पंचांगातील मार्गळी महिन्यात, संगीत आणि नृत्याचा महोत्सव भरतो. या काळात होणाऱ्या भरतनाट्यमच्या कार्यक्रमांत रचनाकार म्हणून एक नाव वारंवार उच्चारले जाते : 'तंजावर क्वार्टेट', तमिळमध्ये 'तंजै नाल्वर', म्हणजेच तंजावरचे चौघे. हे चौघे सख्खे भाऊ होते आणि त्यांची कारकीर्द तंजावरच्या भोसले राजांच्या दरबारात घडली, ही बाब महाराष्ट्रात मात्र फारशी परिचित नाही.

चिन्नय्या (जन्म १८०२), पोन्नय्या (१८०४), शिवानंदम (१८०८) आणि वडिवेलू (१८१०) अशी या बंधूंची नावे. त्यांचे घराणे नट्टुवनारांचे होते. नट्टुवनार म्हणजे केवळ नृत्यशिक्षक नव्हे. नर्तकीच्या मागे उभे राहून टाळ वाजविणे, नृत्याचे बोल म्हणणे आणि गाणे ही सर्व जबाबदारी त्याच्यावर असे. साहजिकच या घराण्यातील मुलाला प्रथम गळा तयार करावा लागे. आजोबा गंगैमुत्तू आणि वडील सुब्बरायन यांच्याकडून चौघांना गायन आणि नृत्य या दोन्हींचे प्राथमिक शिक्षण मिळाले.

पुढील शिक्षण त्यांनी मुत्तुस्वामी दीक्षितर यांच्याकडे घेतले. कर्नाटक संगीताच्या त्रिमूर्तींपैकी एक असलेल्या या वाग्गेयकाराकडे अनेक वर्षे शिकल्यानंतर बंधूंनी गुरूंच्या गौरवार्थ नऊ कृती रचल्या. त्या 'नवरत्नमाला' या नावाने प्रसिद्ध आहेत. दीक्षितरांची मुद्रा 'गुरुगुह' होती आणि शिष्यांनी आपल्या रचनांत तिचाच आदरपूर्वक उल्लेख केला. धाकटा वडिवेलू एकदा ऐकलेले गीत तसेच्या तसे म्हणून दाखवीत असे, अशी आठवण परंपरेने जपली आहे.

तंजावरच्या गादीवर त्या वेळी दुसरे सरफोजी राजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) होते. सरस्वती महाल ग्रंथालयाची भरभराट करणारा हा राजा संगीताचाही जाणकार होता. दरबारात मराठी, तेलुगू, तमिळ आणि संस्कृत या भाषा एकत्र नांदत होत्या, पाश्चात्त्य वाद्यांचा बँडही होता. सरफोजींच्या नावावर असलेल्या मराठी 'निरूपणां'त एकच कथानक नृत्याच्या अठरा प्रकारांतून क्रमाने मांडले आहे. त्यांत शब्द, वर्ण, पद, तिल्लाना हे प्रकार आढळतात. म्हणूनच भरतनाट्यमचा अलारिप्पूपासून तिल्लानापर्यंतचा क्रम केवळ या चार बंधूंनी निर्माण केला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरते. सामग्री दरबारात उपलब्ध होती. बंधूंनी तिची नेटकी मांडणी केली आणि प्रत्येक प्रकारासाठी इतक्या समर्थ रचना दिल्या की, पुढे तोच क्रम प्रमाण मानला गेला.

चौघांचे मार्ग पुढे वेगळे झाले. चिन्नय्या म्हैसूरला मुम्मडी कृष्णराज वडियार यांच्या आश्रयास गेले. पोन्नय्या आणि शिवानंदम यांनी प्रामुख्याने तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराची आणि दरबाराची सेवा केली. रचनाकार म्हणून चौघांत पोन्नय्या यांचे स्थान सर्वांत वरचे मानले जाते. तथापि, कोणती रचना नेमकी कोणाची, हे सर्वच ठिकाणी ठरविणे कठीण आहे. काही वर्ण एका राजाच्या नावे रचले गेले आणि पुढे त्यांत दुसऱ्या राजाचे अथवा देवतेचे नाव घालण्यात आले. आश्रयदाता बदलला की गीतातील नायकही बदलत असे!

वडिवेलू त्रावणकोरला स्वाती तिरुनाळ महाराजांच्या दरबारात रुजू झाले. या दरबारातही तंजावरच्या मराठी मंडळींचा वावर होता. महाराजांचे शिक्षक सुब्बराव तंजावरचेच होते आणि मेरुस्वामी म्हणून ओळखले जाणारे कीर्तनकार अनंतपद्मनाभ गोस्वामी यांनाही तेथे मोठा मान होता. वडिवेलूंची ख्याती गायनाइतकीच व्हायोलिनवरील प्रभुत्वामुळे झाली. महाराजांनी १८३४ मध्ये त्यांना हस्तिदंती व्हायोलिन भेट दिले.

वडिवेलू हे वाद्य श्वार्ट्झ नावाच्या मिशनऱ्याकडून शिकले, असे अनेक ठिकाणी छापले गेले आहे. ते शक्य नाही, कारण सरफोजींचे हितचिंतक असलेले श्वार्ट्झ १७९८ मध्ये, म्हणजे वडिवेलूंच्या जन्मापूर्वी बारा वर्षे, निवर्तले होते. व्हायोलिनचा धागा अन्य दिशेने मद्रासपर्यंत, म्हणजे आजच्या चेन्नईपर्यंत जातो. दीक्षितरांचे धाकटे बंधू बालुस्वामी यांनी मद्रासजवळील मणली येथील मुदलियार घराण्याच्या आश्रयाने एका युरोपीय वादकाकडे व्हायोलिनचे शिक्षण घेतले होते. गळ्यातून निघणारी गमके तारेवर काढणे सोपे नव्हते. ते साधल्यानंतर हे परकीय वाद्य दक्षिणेत गायनाच्या साथीला असे काही रुळले की, आज त्याच्याविना मैफलीची कल्पनाच करता येत नाही.

दुसरे शिवाजी राजे १८५५ मध्ये निपुत्रिक वारले आणि कंपनी सरकारने तंजावरचे राज्य खालसा केले. आश्रय संपताच अनेक कलावंतांनी मद्रासची वाट धरली. पुढील काळात देवदासींच्या 'सदिर' नृत्याविरुद्ध चळवळ उभी राहिली आणि १९४७ मध्ये देवदासी प्रथेवर मद्रास प्रांतात कायद्याने बंदी आली. प्रथेतील अन्याय दूर होणे आवश्यकच होते. मात्र, ज्या स्त्रियांनी या बंधूंच्या रचना पिढ्यान् पिढ्या कंठात आणि देहात जपल्या, त्या बहुतांशी रंगमंचावरून दूर झाल्या. त्यांची नावे कार्यक्रमपत्रिकांवर आली नाहीत.

नट्टुवनारांची विद्या मात्र टिकली. मद्रासच्या म्युझिक अकॅडमीने १९३१ मध्ये कल्याणी भगिनींचे नृत्य सादर केले. बंधूंच्या वंशातील के. पोन्नय्या पिल्लै यांच्याकडे १९३३ मध्ये अकॅडमीच्या संगीत परिषदेचे अध्यक्षपद आले. त्याच वंशपरंपरेतील पंदनल्लूर मीनाक्षीसुंदरम पिल्लै (१८६९-१९५४) यांच्याकडे रुक्मिणीदेवी शिकल्या. त्यांनी १९३५ मध्ये अड्यार येथे पहिला कार्यक्रम केला आणि १९३६ मध्ये कलाक्षेत्राची स्थापना केली.

पोन्नय्या पिल्लै यांचे पुत्र के. पी. किट्टप्पा पिल्लै (१९१३-१९९९) यांनी घरातील जुन्या रचना संकलित करून १९६१ मध्ये 'पोन्नय्या मणिमालै' हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांचे धाकटे बंधू के. पी. शिवानंदम हे नामवंत वीणावादक होते. आजोबा-पणजोबांची नावे नातवंडांना देण्याची रीत या घराण्यात कसोशीने पाळली गेल्याने अभ्यासकांचा हमखास गोंधळ होतो. वैजयंतीमाला आणि हेमामालिनी या किट्टप्पा पिल्लै यांच्या शिष्या होत.

त्यांच्या शिष्यांत पुण्याच्या सुचेता भिडे-चापेकर यांचाही समावेश होतो. त्यापूर्वी त्या मुंबईत आचार्य पार्वतीकुमार यांच्याकडे शिकल्या होत्या. पार्वतीकुमारांनी सरस्वती महालातील हस्तलिखितांवरून सरफोजींची मराठी निरूपणे अभ्यासून नृत्यबद्ध केली. अशा रीतीने दरबारातील मराठी साहित्य आणि चार बंधूंच्या घराण्याची तालीम एकाच शिष्येकडे आली.