रबराची कवळी

१३ एप्रिल १८७९, ईस्टरचा रविवार. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका हॉटेलात जोसाया बेकनचा गोळी घालून खून झाला. मारेकरी सॅम्युएल चॅल्फंट पेशाने दंतवैद्य होता आणि भांडण होतं कवळीवरून.

रबराची कवळी येण्यापूर्वी चांगली कवळी श्रीमंतांनाच परवडे. जॉर्ज वॉशिंग्टनची कवळी लाकडी होती, हा निव्वळ गैरसमज. तिच्यात पाणघोड्याचा दात, सोनं आणि माणसांचे खरे दात वापरलेले होते. हस्तिदंत तोंडात कुजे, त्याला घाण वास येई. सोन्याचा पत्रा टिके, पण तो सामान्यांच्या आवाक्याबाहेरचा. त्यात १८४६ साली बोस्टनमध्ये ईथरची भूल यशस्वी झाली, दात काढणं सुसह्य झालं आणि बोळकी तोंडं वाढत गेली.

त्यांच्या मदतीला रबर आलं. चार्ल्स गुडइयरने गंधक घालून रबर टिकाऊ केलं. त्याचा भाऊ नेल्सन याने गंधक वाढवून ते टणक केलं आणि १८५१ मध्ये पेटंट घेतलं.

कृती मोठी सुरेख होती. हिरड्यांच्या ठशात प्लास्टर ओतून जबड्याचा नमुना करायचा, त्यावर मेणाची कवळी बांधून चिनीमातीचे दात रोवायचे, रुग्णाच्या तोंडात घालून चावा पाहायचा. मग ती दोन भागांच्या धातूच्या डबीत प्लास्टरमध्ये गाडायची. डबी तापवून उघडली की मेण निघून जाई. दात मात्र प्लास्टरला घट्ट धरून राहत आणि मधे कवळीच्या आकाराची पोकळी उरे. तिच्यात मऊ रबर दाबून भरायचं आणि वाफेच्या दाबाखाली सुमारे १६० अंश सेल्सियसला शिजवायचं. थंड झाल्यावर प्लास्टर फोडलं की टाळूला चपखल बसणारी कवळी हाती येई. स्वस्त आणि हलकी!

पण १८६४ साली जॉन कमिंग्जला रबरी कवळीचं पेटंट मिळालं, ते गुडइयर डेंटल व्हल्कनाइट कंपनीकडे गेलं. बेकन तिचा खजिनदार. परवाना फी न भरणाऱ्या दंतवैद्यांवर त्याने देशभर खटले गुदरले. सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्याच बाजूने कौल दिला. गरिबाच्या घासावर बसवलेला हा कर अनेक दंतवैद्यांना जाचत होता. तरी खून तो खूनच. चॅल्फंटला शिक्षा झाली. १८८१ मध्ये पेटंटची मुदत संपली आणि रबर सर्वांना खुलं झालं.

पुढे १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात हिरडीच्या गुलाबी रंगाचं ॲक्रिलिक आलं आणि काळपट-तांबडं रबर मागे पडलं. ठसा, मेण, डबी, प्लास्टर हा क्रम मात्र ॲक्रिलिकने जसाच्या तसा उचलला.