मिश्रणाची नाडी : पद्मिनीच्या कार्बोरेटरपासून इथेनॉलमिश्रित पेट्रोलपर्यंत

#थ्रेड #इतिहास

१/ रोजच्या वापराच्या गाडीत हवा आणि इंधनाचे गुणोत्तर दाखवणारा मीटर बसवावा काय? प्रश्न यंत्रशास्त्राचा वाटतो, पण त्याचे उत्तर इतिहासात आहे. गाडी कोणत्या काळात घडली आणि आज तिच्या टाकीत कोणते इंधन पडते, या दोन गोष्टी ते ठरवतात. हा इतिहास आपण माणगावच्या रस्त्यावरून पाहू.

२/ माणगावच का? मुंबई-गोवा महामार्गावरील हे रायगड जिल्ह्यातील गाव समुद्रसपाटीपासून फारसे उंच नाही. येथून एक रस्ता निजामपूरमार्गे ताम्हिणी घाट चढून पुण्याकडे जातो. दक्षिणेस महाड, पोलादपूर ओलांडले की आंबेनळी घाट सुमारे १,३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरला पोहोचवतो. सखल कोकण आणि सह्याद्रीचा माथा एकाच दिवसात पाहणाऱ्या गाडीची येथे खरी परीक्षा होते.

३/ मूळ गणित असे. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. या प्रमाणाला 'लॅम्डा १' म्हणतात. पेट्रोल जास्त झाले की मिश्रण 'रिच' होते : काळा धूर, विषारी कार्बन मोनॉक्साइड, घसरलेले अ‍ॅव्हरेज. हवा जास्त झाली की मिश्रण 'लीन' होते : गाडी अडखळते, पिकअप जातो आणि भार पडल्यावर इंजिन वाजवीपेक्षा तापते.

४/ १८९३ मध्ये जर्मन अभियंता विल्हेल्म मायबाख याने फवारा मारणारा कार्बोरेटर बनवला. आत शिरणाऱ्या हवेच्या ओढीने पेट्रोल बारीक छिद्रातून वर येते, हे त्याचे तत्त्व. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या 'प्रीमियर ऑटोमोबाइल्स'च्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली पद्मिनी याच तत्त्वावर धावली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिने दशके गाजवली आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस त्या सेवेतून ती निवृत्त झाली.

५/ कार्बोरेटरला हवेचे वजन कळत नाही. महाबळेश्वरची हवा कोकणातील हवेपेक्षा सुमारे १२ टक्के विरळ असते. छिद्र मात्र तेच! परिणामी घाटमाथ्यावर मिश्रण सुमारे सहा-सात टक्क्यांनी रिच होते. जुन्या गाड्या घाट चढून गेल्यावर मलूल का होत, याच्या कारणांपैकी हे एक.

६/ मग मिश्रण ओळखायचे कसे? मेकॅनिक स्पार्क प्लग काढून त्याचा रंग पाही. काजळी धरली तर रिच, पांढुरका पडला तर लीन, विटकरी-तपकिरी असेल तर उत्तम. सायलेन्सरचा वास आणि इंजिनाचा आवाज हीदेखील त्याची साधने होती. ही विद्या अस्सल खरी, पण ती गाडी थांबल्यावर निदान करी. चढावर, भर वेगात नेमके काय घडते, हे तिला दिसत नसे.

७/ ती उणीव एका संवेदकाने भरून काढली. १९७६ मध्ये बॉश कंपनीचा लॅम्डा सेन्सर व्होल्वो गाड्यांत आला. सायलेन्सरकडे जाणाऱ्या वायूत उरलेला ऑक्सिजन तो ओळखतो आणि गाडीचा संगणक त्यानुसार पेट्रोल कमी-जास्त करतो. त्यामागे प्रेरणा होती कॅलिफोर्नियाच्या कडक प्रदूषण नियमांची. धूर शुद्ध करणारा त्रिमार्गी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लॅम्डा १ च्या अगदी जवळच नीट काम करतो.

८/ भारतात पेट्रोल गाड्यांच्या धुरावर पहिली मर्यादा १९९१ मध्ये आली. १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर आणि शिसेविरहित पेट्रोल आले. शिसे कन्व्हर्टरला निकामी करते, म्हणून दोन्ही एकत्र येणे भाग होते. २००० मध्ये देशभरातून शिसेयुक्त पेट्रोल हद्दपार झाले. १ एप्रिल २०२० रोजी भारत स्टेज ६ लागू झाले आणि नव्या दुचाकींतूनही कार्बोरेटर जवळजवळ नाहीसा झाला.

९/ म्हणजे इंजेक्शनच्या गाडीत हा मीटर मुळातच बसवलेला आहे. फक्त त्याचा काटा चालकाला दिसत नाही. वेगळा मीटर लावला तर स्थिर वेगात तो बहुतेक वेळ १४.७ च्या आसपासच दिसेल. शिवाय तो फसवाही ठरू शकतो. कुठून हवा गळत असेल तर संगणक जास्त पेट्रोल देऊन ती चूक झाकतो आणि काटा निरोगी दिसत राहतो! संगणकाला किती दुरुस्ती करावी लागते आहे, ते 'फ्युएल ट्रिम'चे आकडे सांगतात. गाडीच्या निदान-सॉकेटला जोडायच्या छोट्या उपकरणावर ते वाचता येतात. रोजच्या वापरासाठी तेच अधिक उपयुक्त.

१०/ इतिहास येथेच संपला असता, पण इंधन बदलले. २०२२ मध्ये देशाने पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉलचे उद्दिष्ट गाठले, २०२५ मध्ये २० टक्क्यांचे. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. एक किलोला केवळ नऊ किलो हवा पुरते. त्यामुळे २० टक्के मिश्रणाचे आदर्श प्रमाण १४.७ नव्हे, सुमारे १३.५ आहे.

११/ सेन्सर असलेली गाडी हा फरक बव्हंशी आपोआप सांभाळते. जुनी पद्मिनी किंवा २०२० पूर्वीची कार्बोरेटरची मोटारसायकल मात्र शुद्ध पेट्रोलसाठी बसवलेल्या छिद्रावर सुमारे आठ टक्के लीन चालते. गंमत अशी, की माणगावात लीन झालेली तीच गाडी महाबळेश्वरी पोहोचेपर्यंत जवळपास नेमक्या प्रमाणावर येते. घाटाचा दोष आणि इंधनाचा दोष तेथे एकमेकांना छेदतात. पण गाडी रोज धावते ती माणगावात, उन्हाळ्यात, दोन माणसे आणि सामान घेऊन. तेथे भरपाई करायला उंची नाही.

१२/ अशा गाडीला मीटर खरोखर उपयोगी पडतो, पण कायमचा दागिना म्हणून नव्हे. तो काही दिवस लावावा. सपाटीवर, चढावर आणि पूर्ण भाराने चालवून नोंदी घ्याव्यात. त्यानुसार जेट बदलून घ्यावा आणि मीटर काढून ठेवावा. एक पथ्य पाळावे : आकडा लॅम्डात वाचावा. बहुतेक मीटर लॅम्डा मोजतात आणि त्याला १४.७ ने गुणून दाखवतात. त्यामुळे इथेनॉलमिश्रित पेट्रोलवर दिसणारा '१४.७' प्रत्यक्षात १३.५ असतो.

१३/ सारांश : २०२० नंतरच्या गाडीत हा मीटर हौसेचा, कार्बोरेटरच्या गाडीत औषधाचा. प्लगचा रंग पाहणाऱ्या मेकॅनिकची विद्या कालबाह्य झालेली नाही. तिला आता आकड्याची जोड हवी. घरी वडिलांची जुनी गाडी अजून धावत असेल, तर इंधन बदलल्यानंतर तिचे मिश्रण एकदा अवश्य तपासून घ्या.