बोलीवरची स्पोर्ट्स कार : गव्हाणच्या शेजारून एक धागा

पनवेल तालुक्यातील गव्हाणच्या शेजारी १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. जहाजातून उतरलेला माल ३० दिवसांत सोडवला नाही, तर १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या कलम ४८ अन्वये मालकाला नोटीस देऊन तो विकता येतो. परदेशी मोटार लिलावात येण्याची ही एक वाट.

वापरलेल्या मोटारीसाठी मात्र आयात धोरणाने कडक अटी घातल्या. ती तीन वर्षांहून जुनी नसावी, स्टिअरिंग उजवीकडे असावे आणि ती खाडीपलीकडच्या मुंबई बंदरातच उतरावी. या अटी मोडणारी गाडी जप्तीस पात्र ठरते.

दुसरी वाट गुन्ह्याच्या तपासातून येते. एप्रिल २०१९ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने नीरव मोदीच्या जप्त मोटारी एमएसटीसीमार्फत ऑनलाइन लिलावात काढल्या. भंगाराच्या व्यापारासाठी १९६४ मध्ये स्थापन झालेली ही सरकारी कंपनी आता पोर्श पानामेरा विकत होती! नव्या रोल्स-रॉइस घोस्टला कित्येक कोटी मोजावे लागत; येथे बोली १ कोटी ३३ लाखांपासून होती. मोह पडावा असाच हा भाव. परंतु गाडी पाहण्याची मुभा होती, चालवून पाहण्याची नव्हती. महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी उतरते, रबर कडक होते, ब्रेक गंजतात. आणि अशा गाडीचा एखादा सुटा भागही लाखांत जातो. तो खर्च बोली जिंकणाऱ्याच्या माथी.

मार्च २०२० मध्ये मोदीची घोस्ट पुन्हा बोलीवर आली. या वेळी सॅफ्रनआर्टच्या लिलावात, हुसेन आणि अमृता शेरगिल यांच्या चित्रांच्या पंगतीत.